कलर फील्ड प्रिंट घरी लावल्यानंतर: उजेड, काच आणि कागद

बैठकीच्या खोलीतल्या मोकळ्या भिंतीवर गेले काही महिने एक कलर फील्ड प्रिंट आहे, म्हणजे आकृतीऐवजी रंगाच्या मोठ्या पृष्ठांनीच बनलेल्या अमूर्त चित्राची छापील प्रत. वर गर्द निळा, खाली शेंदरीकडे झुकणारा लाल, दोन्ही एकमेकांत विरलेले. आकृती नाही, रेघ नाही. आकार ६० बाय ९० सेंटिमीटर, ३०८ जीएसएमचा (चौरस मीटरला ३०८ ग्रॅम) मॅट, म्हणजे चकाकी नसलेला कॉटन पेपर, पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली). चित्रकार आजचा आहे, पण वळण विसाव्या शतकातला अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको याचं. प्रिंट मला मनापासून आवडते. मात्र या प्रकारात चित्र निवडलं की निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं उजेड, काच आणि कागद यांच्यावर असतं.

उजेडाबद्दल सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे. सकाळी खालचा लाल पुढे येतो आणि निळा मागे बसतो. संध्याकाळी, दिवे लावण्याआधी, नेमकं उलटं होतं: लाल काळवंडतो आणि निळा उजळ वाटू लागतो. याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. उजेड कमी झाला की दृष्टिपटलातल्या दंडपेशींचं काम वाढतं. त्यांना निळा-हिरवा चांगला जाणवतो, लाल जवळजवळ नाहीच. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १९व्या शतकातच हे नोंदवलं होतं. निसर्गचित्रातही हा बदल होतोच, पण तिथे नजर झाडात, नदीत, वाटेत गुंतलेली असते. इथे बघायला फक्त रंग आहे, म्हणून तो रोज दिसतो, आणि मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही.

रात्रीची गोष्ट बल्बवर अवलंबून. आधीच्या साध्या पांढऱ्या एलईडीखाली शेंदरी अगदी मेलेला दिसायचा. ९०च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १००पैकी आकडा) असलेला, ३००० केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा बल्ब लावला आणि रंगात जीव आला. बल्ब घेताना एवढं विचारा: आर-९ किती आहे? गडद लाल कसा दिसेल ते हा आकडा सांगतो, आणि सीआरआयच्या नेहमीच्या सरासरीत तो धरलेलाच नसतो.

फ्रेमसोबत साधी काच आली होती. साधी काच समोरून आलेल्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के परत फेकते. फिकट चित्रावर ते खपून जातं. गर्द निळ्यावर समोरची खिडकी, पडदा, खोलीतली माणसं सगळं दिसायचं. परावर्तनरोधक काच बसवून घेतली, तिच्यात हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास येतं. खर्च वाढतो, पण गडद कलर फील्डसाठी हा खर्च टाळू नये असं माझं ठाम मत आहे. कडेला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) ठेवायला सांगा, म्हणजे काच कागदाला चिकटत नाही.

छपाई चांगली आहे, निर्दोष नाही. जिथे दोन रंग मिसळतात तिथे पायऱ्या पडलेल्या नाहीत, आणि अशा प्रिंटमध्ये तीच खरी परीक्षा असते. पण वर डाव्या कोपऱ्यात, उजेड तिरपा पडला की, निळ्यात एक पुसट पट्टा दिसतो. मॅट कागदावर गडद रंगांना चकचकीत कागदाइतकी खोली येत नाही, त्यामुळे भर दुपारी निळा किंचित भुरकट वाटतो. तरीही मी मॅटच घेईन, कारण चकाकी आली की रंग भिंतीवर स्थिर राहत नाही.

मूळ चित्राची जागा प्रिंट घेऊ शकत नाही, हेही सांगायला हवं. रॉथको पातळ रंगाचे थर एकावर एक चढवायचा. उजेड त्या थरांत शिरून परत येतो. प्रेक्षकाने चित्रापासून साधारण ४५ सेंटिमीटरवर उभं राहावं, असं तो सुचवायचा. प्रिंटसमोर तेवढ्या जवळ गेलं की सपाट कागदच हाती लागतो. माझ्या प्रिंटला दोन-अडीच मीटरचं अंतर मानवतं. उलट हेलन फ्रँकेन्थेलर या अमेरिकन चित्रकर्तीने १९५२च्या ‘माउंटन्स अँड सी’मध्ये पातळ केलेला तैलरंग अस्तर न दिलेल्या कॅनव्हासमध्ये मुरू दिला. तिथे थर जवळजवळ नाहीत, रंग कापडातच आहे. त्या वळणाची चित्रं कॉटन पेपरवर जास्त खरी उतरतात, असं मला वाटतं. फक्त तो कॅनव्हास जवळपास तीन मीटर रुंद आहे, म्हणून भिंत झेपेल तेवढा मोठा आकार घ्या.

रंग उडण्याची भीती खोटी नाही. रॉथकोने १९६०च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेल्या भित्तिचित्रांत लिथॉल रेड हा उजेडात उडणारा लाल रंग वापरला होता. मोठ्या खिडक्यांच्या भोजनकक्षात तो इतका उडाला की चित्रं उतरवावी लागली. २०१४मध्ये प्रोजेक्टरच्या उजेडाने मूळ रंग त्यांच्यावर पाडून ती पुन्हा दाखवली गेली. पिगमेंट शाई डाय शाईपेक्षा (जिच्यात रंग विरघळलेला असतो) बरीच टिकते, पण थेट ऊन तिलाही नको. माझ्या प्रिंटच्या कडेची एक रंगीत पट्टी कापून मी कपाटात अंधारात ठेवली आहे. अधूनमधून प्रिंटला लावून बघते; नुसत्या डोळ्यांना अजून फरक दिसत नाही. अर्थात काही महिन्यांवरून टिकाऊपणाचा निकाल देता येणार नाही.

घ्यायचं ठरवलंत तर विक्रेत्याकडून चित्रातल्या सगळ्यात गडद भागाचा छोटा नमुना छापून मागवा. तो त्याच भिंतीवर, तुमच्याच बल्बखाली, दुपारी आणि दिवेलागणीला बघा. नमुना द्यायला नकार मिळाला तर दुसरीकडे जा.