लॉन मोअरचं इंजिन गेलं: ओव्हरहॉल, कंपनीचं नवं की चिनी बनावटीचं?

रोटरी मोअरचं (आडवं पातं गरगर फिरवून गवत कापणाऱ्या यंत्राचं) इंजिन गेलं की तीन पर्याय असतात: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये जुन्याचंच ओव्हरहॉल, त्याच मॉडेलचं नवं इंजिन, किंवा मापाला जुळणारं चिनी बनावटीचं. चौथा सल्लाही हमखास मिळतो, फवारणी पंपाचं इंजिन बसवा म्हणून. तो आधीच बाजूला ठेवा. शेती अवजारांच्या दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक इंजिनांचा शाफ्ट (बाहेर येणारा फिरता दांडा) आडवा असतो आणि रोटरी मोअरला उभा लागतो. आडवं इंजिन उभं केलं तर आतल्या भागांवर तेल उडत नाही, कार्ब्युरेटरचा फ्लोट काम करत नाही आणि कनेक्टिंग रॉड बघता बघता जाम होतो. तुमचा मोअर रिळाचा (पाती जडवलेला रूळ फिरवणारा) असेल तर मात्र आडवंच हवं; तिथे होंडाच्या जीएक्स १६० च्या वर्गातलं १६३ सीसीचं इंजिन चालतं.

खर्चाआधी इंजिन खरंच गेलंय का ते बघा. पातं दगडावर आपटल्यानंतर दोरी हातातून हिसका मारत असेल, इंजिन धरत नसेल, तर फ्लायव्हीलची (इंजिनाच्या जड चाकाची) चावी, म्हणजे ते शाफ्टवर अडवून धरणारी छोटी पट्टी, कातरली असण्याची शक्यता मोठी. ती मुद्दाम मऊ धातूची करतात. ती तुटली की स्पार्क चुकीच्या वेळी पडतो. नवी चावी टाकली की काम भागतं. पातं काढून इंजिन सुरू करून बघितलं तरी असाच हिसका बसतो, कारण हलक्या फ्लायव्हीलच्या इंजिनांत पात्याचं वजनही फ्लायव्हीलचं काम करतं. निळा धूर येत असेल तर मोअर कार्ब्युरेटरच्या बाजूनं आडवा केला होता का आठवा. एअर फिल्टर तेलानं भिजलेला सापडेल.

आता शाफ्ट. स्पार्क प्लग काढा, डेकला (पात्यावरच्या पत्र्याच्या झाकणाला) एक खिळा शाफ्टच्या टोकाजवळ घट्ट बांधा आणि हातानं फिरवा. फट कमी-जास्त होत असेल तर शाफ्ट वाकलाय. तो ठोकून सरळ करून देणारे भेटतील, पण करून घेऊ नका. सरळ केलेला शाफ्ट आतून चिरलेला असू शकतो, आणि तो तुटला तर पातं कुणाच्या तरी पायावर येतं. वाकलेला शाफ्ट किंवा रॉड तुटून फुटलेला ब्लॉक, दोन्हींत इंजिन बदलणंच बरं.

ओव्हरहॉल परवडतं ते स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती सिलिंडरची आतली नळी) लोखंडी असताना. जीएक्सव्ही १६० सारख्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी; तो ०.२५ किंवा ०.५० मिमीनं वाढवून ओव्हरसाइज पिस्टन बसवता येतो, आणि या कामाला कोल्हापूरसारखं गाव नाही. मात्र पिस्टन-रिंग हातात आल्याशिवाय बोअर करायला देऊ नका. पिस्टन मोजूनच बोअर घ्यायचा असतो. हलक्या इंजिनांत पिस्टन थेट अ‍ॅल्युमिनियमवर चालतो, तिथे हा खर्च करू नये. आमचा हिशेब असा: बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट धरून आकडा नव्या इंजिनाच्या निम्म्यावर गेला की थांबावं, कारण क्रँक आणि कार्ब्युरेटर तरीही जुनेच राहतात.

त्याच मॉडेलचं नवं इंजिन महाग पडतं, पण दुपारभरात बसतं. चिनी इंजिनाची वाचलेली रक्कम मापं चुकली तर लेथवर जाते. १पी६५, १पी७० अशा नावातला आकडा बोअरचा. शाफ्टबद्दल तो काही सांगत नाही. शाफ्ट २२.२, २५ किंवा २५.४ मिमी असू शकतो. २५ च्या शाफ्टवर २५.४ चा हब (पातं शाफ्टवर धरणारा भाग) सहज चढतो आणि तिथेच घोटाळा होतो: ०.४ मिमीच्या ढिलाईनं पातं थरथरतं, चावीची खाच रुंदावते. पातळ बुश घालून भागवू नका, ईएन८ पोलादाच्या सळईतून एकसंध हब करून घ्या. शाफ्टची लांबीही मोजा. जुन्यापेक्षा लांब असेल तर पातं डेकच्या कडेखाली उतरतं, आणि मोअर स्वतः चालणारा असेल तर पट्ट्याची पुली गिअरबॉक्सच्या रेषेत येत नाही. पुष्कळ इंजिनांचे तीन बोल्ट २०३ मिमीच्या वर्तुळावर असतात, तरी खात्रीसाठी जुन्या बुडाचा पुठ्ठ्यावर छाप घेऊन दुकानात न्या.

वेगाकडे सहसा कुणी बघत नाही. इतर कामांची इंजिनं ३६०० आरपीएमला लावलेली असतात. २१ इंची पात्याचं टोक तेवढ्या वेगाला सेकंदाला सुमारे १०० मीटर जातं. अमेरिकी मानकाची मर्यादा सेकंदाला सुमारे ९६.५ मीटर आहे. ३००० ला तेच टोक ८४ वर येतं. म्हणून टॅकोमीटर (फेरे मोजायचं मीटर) लावून गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) ३००० च्या आसपास ठेवा.

बसवताना प्लगची वायर आधी काढा, पेट्रोल रिकामं करा, मोअर कार्ब्युरेटर वर ठेवून कलता करा. पातं लाकडी ठोकळ्यानं अडवून बोल्ट सोडा. हब अडकला तर पुलर लावा, शाफ्टच्या टोकावर हातोडा नको. इंजिन उचलल्यावर बोल्टच्या भोकांभोवतीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलं गवत डेकला चिकटून राहतं आणि पत्रा तिथेच कुजतो. भेगा असतील तर ३ मिमीची रिंग प्लेट लावा. पत्रा टोचताच आरपार गेला तर नव्या इंजिनाचा विचार सोडा. पट्टा पुलीवर आधी चढवा, मग इंजिन टेकवा. हँडल सोडलं की इंजिन थांबतंय का हे पातं लावण्याआधी तपासा. त्यासाठी इंजिन चालवू नका, ब्रेकची केबल पूर्ण ओढली-सुटली जाते का एवढं बघा.

नवं इंजिन बहुतेक वेळा तेलाशिवाय येतं. एसएई १०डब्ल्यू-३० डिपस्टिकच्या खुणेपर्यंत भरा, साधारण अर्धा ते पाऊण लिटर, आणि पहिलं तेल २० तासांच्या आत बदला. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं) पेट्रोल मिळतं, तर पुष्कळ छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्के इथेनॉलचीच मुभा असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मोअर पंधरा दिवसांहून जास्त उभा राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.