फोर डेज इन मे: क्यूआरपीवाल्यांच्या मेळाव्याला जावं का? जावंच!

बरेच हॅम (म्हणजे हौशी रेडिओवाले) मित्र विचारत होते म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. फोर डेज इन मे, म्हणजे सगळे ज्याला नुसतं एफडीआयएम म्हणतात, तो कमी पॉवरवर रेडिओ चालवणाऱ्यांच्या क्लबचा, म्हणजे क्यूआरपी अमॅच्युअर रेडिओ क्लब इंटरनॅशनलचा दरवर्षीचा मेळावा. १९९६ पासून सुरू आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटनजवळ, मे महिन्यात, हॅमव्हेन्शन या हॅम लोकांच्या मोठ्या मेळाव्याच्याच आठवड्यात असतो, त्यामुळे एका विमान तिकिटात दोन्ही होतं. पण दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे बरं का. हॅमव्हेन्शन म्हणजे झीनिया गावच्या फेअरग्राउंडवरची जत्रा, मोठे स्टॉल, मैलभर पसरलेला जुना बाजार, पाय मोडेपर्यंत चालायचं. एफडीआयएम हॉटेलात, शांतपणे, बसून, आणि तिथे जो भेटेल त्याच्या हाताला सोल्डरचा वास.

नवीन लोकांसाठी एवढंच सांगतो, क्यूआरपी म्हणजे कमी पॉवरवर काम करणं, सीडब्ल्यूला (मोर्सला) ५ वॅट आणि एसएसबीला (आवाजाला) १० वॅट पीक एवढी मर्यादा साधारण धरतात, आणि १ वॅटच्या खाली गेलं की क्यूआरपीपी. लोकांना वाटतं ५ वॅटमध्ये काय होणार. हिशोब करून बघा, १०० वॅटवरून ५ वॅटवर आलात की सिग्नल १३ डेसिबलने पडतो, सिग्नल मीटरवरच्या एका एस-युनिटला ६ डेसिबल धरतात, म्हणजे समोरच्याचा मीटर एस-९ वरून एस-७ च्या जरा खाली येतो, बास. एस-७ चा सीडब्ल्यू सिग्नल कोणीही आरामात कॉपी करतो. हे गणित मला आधीपासून माहीत होतं, पण हॉलभर माणसं हेच वर्षानुवर्षं रोज करतायत आणि एका वॅटमागे हजार मैलांचं सर्टिफिकेट मिळवतायत, हे बघितल्यावर त्याची खात्री पटते ती वेगळीच.

गुरुवारी दिवसभर सेमिनार असतात. एकामागून एक लेक्चर, एकच हॉल, त्यामुळे हे ऐकू का ते ऐकू असा गोंधळ नाही. सगळ्या लेक्चरचं छापील पुस्तक मिळतं आणि माझ्या मते नोंदणीचे अर्धे पैसे तिथेच वसूल होतात, कारण सर्किट, कॉइलचे टर्न्स, मोजमापांचे ग्राफ सगळं त्यात असतं आणि घरी येऊन निवांत वाचता येतं. लेक्चर मात्र सगळे सारखे नव्हते. एका वक्त्याने पूर्ण स्किमॅटिक एकाच स्लाइडवर टाकलं होतं, मागच्या रांगेतून रेझिस्टर आणि कपॅसिटरसुद्धा वेगळे ओळखू येत नव्हते, अशा वेळी ते पुस्तक उघडून बसायचं. पण रिसीव्हरच्या फ्रंट एंडवरचं एक लेक्चर इतकं सुंदर झालं की ब्रेकमध्ये त्या माणसाभोवती घोळका, आणि तोही चहाचा कप बाजूला ठेवून नॅपकिनवर फिल्टर काढून दाखवत बसला, पुढचं लेक्चर सुरू व्हायची वेळ झाली तरी लोक हटेनात.

आता खरं सांगायचं तर या मेळाव्याचा जीव संध्याकाळी आहे. शुक्रवार-शनिवारी दिवसा सगळे हॅमव्हेन्शनला पांगतात आणि अंधार पडला की हॉटेलात परत येतात. मग विक्रेते टेबलं मांडतात, घरी बनवलेल्या रिग्ज (रेडिओ सेट) बाहेर निघतात, होमब्रूची, म्हणजे घरी बनवलेल्याच रिग्जची, स्पर्धा असते. आणि इथे एक न सांगितलेला नियम आहे, की झाकण उघडं ठेवायचं. बोर्ड दिसलं पाहिजे. बनवणारा बाजूला उभा असतो आणि तुम्ही काहीही विचारा, तो सांगतो. हा ट्रान्झिस्टर का घेतला, हे फिल्टर इथे का, हे कुठे जळलं होतं, सगळं. विकत घेतलेल्या रेडिओच्या कंपनीला तुम्ही असं विचारू शकता का? मला तरी हे दुसरीकडे कुठे मिळालं नाही, आणि याच एका गोष्टीसाठी मी या मेळाव्याला पूर्ण मार्क देतो.

एका टेबलावर एक चाळीस मीटर बँडचा रिसीव्हर होता, मॅनहॅटन स्टाइलने बनवलेला. म्हणजे छापील सर्किट बोर्ड (पीसीबी) नाहीच, तांब्याचा कोरा बोर्ड घ्यायचा, त्याच बोर्डाचे बारीक तुकडे कापून सुपरग्लूने वर चिकटवायचे आणि त्या तुकड्यांवर पार्ट सोल्डर करायचे. रेझिस्टर सगळे उभे, एका ओळीत, एकाच उंचीचे. लाल रंगाचे टी-३७-२ चे टोरॉइड (कॉइल गुंडाळायच्या छोट्या रिंगा), त्यांची वायर इतकी नीट अंतर ठेवून गुंडाळलेली, आणि एक वाइंडिंग हलू नये म्हणून वर मेणाचा छोटा थेंब. मी नाक लावून बघत होतो. त्या आजोबांनी न विचारता भिंग हातात दिलं आणि सांगितलं की १९९८ ला डेटनला नॉर्कॅल क्लबची स्पर्धा झाली होती, फक्त २एन२२२२ ट्रान्झिस्टर वापरायचे आणि तेही जास्तीत जास्त २२, त्यात जिम कोर्टगे यांची मॅनहॅटन स्टाइलची रिग जिंकली आणि तेव्हापासून ही पद्धत घरोघरी गेली. आजोबांनीही तेव्हाच सुरुवात केली म्हणे. एक पैशाचा ट्रान्झिस्टर, स्विचिंगसाठी बनवलेला, आणि त्याच्यावर अख्खा ट्रान्सीव्हर, म्हणजे रिसीव्हर आणि ट्रान्समीटर दोन्ही!

टिनच्या डब्यातले ट्रान्समीटर तर ठिकठिकाणी. टूना टिन-२ हे डग डीमॉ यांचं १९७६ सालचं डिझाइन, दोन ट्रान्झिस्टर, माशाच्या डब्यावर उभारलेलं, पॉवर पाव वॅटच्या आसपास, आणि आजही लोक ते बनवतायत आणि त्यावर क्यूएसओ, म्हणजे रेडिओवरचे संपर्क, करतायत.

आपल्याकडच्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे बिटएक्स हा घरी बनवायचा ट्रान्सीव्हर तिथे सगळ्यांना माहीत आहे. हैदराबादच्या अशहर फरहान, कॉलसाइन व्हीयू-टू-ईएसई, यांचं डिझाइन. मी भारतातला म्हटल्यावर पहिला विषय तोच निघायचा. मूळ बिटएक्समध्ये टोरॉइड मिळत नाहीत म्हणून कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळल्या होत्या, आणि त्याचे अँप्लिफायर दोन्ही दिशांनी चालतात, तेच रिसीव्हला तेच ट्रान्समिटला, त्यामुळे पार्ट निम्मे. हे मला एका अमेरिकन माणसाने इतक्या प्रेमाने समजावलं की मीही मुकाट्याने ऐकून घेतलं, अभिमान वाटला खूप. क्यूआरपी लॅब्जच्या हान्स समर्स यांच्या क्यूसीएक्स आणि क्यूएमएक्स या किटवाले लोकही भरपूर, मुठीत मावेल एवढी रिग आणि ५ वॅट.

बिल्डेथॉन (सगळ्यांनी एकत्र बसून किट बनवायचं सत्र) असेल तर आधी नाव नोंदवा, जागा कमी असतात. माझ्या बाजूला नुकतंच लायसन्स मिळालेल्या एक बाई होत्या, आयुष्यात पहिल्यांदा सोल्डरिंग. टोरॉइडमध्ये वायर भोकातून एकदा गेली की एक टर्न, बाहेरून मोजायचं नाही, हे शिकवणाऱ्याने त्यांना तीनदा सावकाश सांगितलं, मग वायरच्या टोकाचं एनॅमल सोल्डरच्या थेंबात जाळून काढायला लावलं, आणि मल्टीमीटरने दोन्ही टोकांमध्ये बीप वाजल्याशिवाय कॉइल बोर्डावर लावूच दिली नाही. घाई अजिबात नाही, आवाज चढवणं नाही. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये हे शिकण्यासारखं आहे, आपण बोर्ड पटापट पूर्ण करून घेतो आणि मग घरी जाऊन कोणाचाच चालत नाही.

आता तक्रारी. एका विक्रेत्याकडून किट घेतलं, रात्री खोलीवर पिशवी उघडली तर दोन कपॅसिटर कमी. दुसऱ्या दिवशी टेबलावर जाऊन सांगितलं तर त्याने काही न विचारता खिशातून काढून दिले, तरी नवीन माणसाला घरी गेल्यावर कळलं असतं तर पंचाईत झाली असती, म्हणून किट घेतलं की तिथेच यादी लावून पार्ट मोजा. दुसरं म्हणजे संध्याकाळी टेबलांमध्ये गर्दी इतकी होते की शेवटी गेलात तर काहीच नीट दिसत नाही, सुरुवातीला जा. आणि हॉटेलच्या आत एचएफवर (शॉर्टवेव्हवर) काही ऐकू येईल ही आशा सोडा, एलईडी दिवे आणि चार्जर यांचा नॉइज प्रचंड. ऑपरेट करायचं असेल तर वायर घेऊन बाहेर मोकळ्यात जा, २० मीटर बँडला १४.०६० मेगाहर्ट्झवर क्यूआरपीवाले असतात.

ज्यांना फक्त स्वस्तात जुना रेडिओ उचलायचाय त्यांनी थेट हॅमव्हेन्शनच्या बाजारात जावं, इथे तो माल नाही. ज्यांनी एकदा तरी हाताने काही बनवलंय किंवा बनवायचंय, त्यांनी बुधवारीच पोहोचा म्हणजे गुरुवार सकाळ बुडत नाही, जेट लॅगचा एक दिवस जास्तीचा धरा. खोली खूप आधी बुक करा, त्या आठवड्यात आजूबाजूला काही मिळत नाही. आणि स्वतः बनवलेलं जे काही असेल ते, अर्धवट असलं तरी, सोबत न्या. मी माझं अर्धवट बोर्ड नेलं होतं, ऑसिलेटर ड्रिफ्ट होत होता (फ्रिक्वेन्सी सरकत होती), तर तिथल्या दोघांनी उभ्याउभ्या बघून सांगितलं की या जागी पॉलिस्टायरीन किंवा एनपीओ कपॅसिटर लाव, साधा सिरॅमिक काढ. लावला. आता थांबलाय.