ओएलईडी की क्यूएलईडी? आमच्या हॉलचा हिशेब

टीव्हीच्या पडद्याचे हे दोन प्रकार. नावं जुळ्या भावांसारखी, पण आतली तऱ्हा वेगळी. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, स्वतः उजळतो, स्वतःच विझतो. फोर-के टीव्हीत असे सुमारे ८३ लाख ठिपके. म्हणून काळा म्हणजे काळाच. दिवे घालवून रात्रीचा प्रसंग लावा, पडदा कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळत नाही. क्यूएलईडी मुळात एलसीडीच. उजेड मागून येतो, त्यामुळे काळ्यावर राखाडी झाक आणि अंधारात पांढऱ्या सबटायटलभोवती धूसर वलय. मिनी-एलईडीवाल्यांत मागचे दिवे तुकड्यातुकड्याने मंद होतात, तिथे हे बरंच कमी.

पण दुपारी पश्चिमेची खिडकी उघडी असली की डाव उलटतो. ओएलईडीच्या काळ्या काचेत आपलाच सोफा दिसतो! शिवाय आमच्याकडे बातम्या सकाळपासून चालू; तीच पट्टी, तोच लोगो वर्षानुवर्षं राहिला तर ओएलईडीवर डाग उमटू शकतो. म्हणून हॉलमध्ये क्यूएलईडी घेतला. कडेच्या खुर्चीतून त्याचे रंग फिके दिसतात, हे बाबा रोज ऐकवतात.

आवाज मात्र पातळ टीव्हीचा बेताचाच. साउंडबारचे पैसे आधीच बाजूला काढा.