कर्जमुक्तीच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं (जळगाव-धुळे भागातल्यांनी जरूर वाचा)

मंडळी, जरा लांबेल पण पूर्ण वाचा, खास करून ज्यांच्या घरात सध्या वसुलीवाल्यांचे फोन सुरू आहेत त्यांनी.

आमचं पारोळ्यात ठिबक आणि पीव्हीसी पाइपचं दुकान. धंदा सगळा उधारीचा, कापूस निघाला की पैसे देतो असं शेतकरी सांगतो आणि आपण माल देतो, मग कापसाला भावच नाही मिळाला तर तो तरी कुठून देणार. होलसेलरला पुढच्या तारखेचे चेक दिलेले, पिकअप फायनान्सवर, पतसंस्थेचं कर्ज वेगळं, आणि हे सगळे हप्ते फिरवायला आमच्या ह्यांनी दोन क्रेडिट कार्डं आणि एक पर्सनल लोन घेतलेलं. एकूण साडेबावीस लाखाच्या घरात.

तेवढ्यात कोणीतरी व्हॉट्सअॅपवर बॅनर पाठवला, "कायदेशीर कर्जमुक्ती, दिवाळखोरी अर्ज, वसुली कायमची बंद". जळगावला एका कॉम्प्लेक्समध्ये ऑफिस, एसी, भिंतीला कायद्याची जाडजूड पुस्तकं, काळा कोट खुर्चीच्या पाठीला टांगलेला. तो कोट अंगात घातलेला आम्ही कधीच पाहिला नाही. सगळे त्याला वकीलसाहेब म्हणायचे पण कार्डावर लिहिलेलं "लीगल अॅडव्हायझर". बोलायला एवढा गोड की ह्यांच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणे दादा तुम्ही चोर नाही, तुम्ही अडचणीत आहात, सरकारने १९२० सालीच तुमच्यासाठी कायदा करून ठेवलाय, सहा महिन्यात सगळं कर्ज शून्य. फी कर्जाच्या चार टक्के, म्हणजे नव्वद हजार, अर्धे आधी. क्यूआर स्कॅन केला तर नाव भलत्याच बाईचं, विचारलं तर ऑफिसच्या मॅडम आहेत म्हणाला. नंतर कोर्ट फी, स्टॅम्प, रिसिव्हरचा (म्हणजे मालमत्ता ताब्यात घ्यायला कोर्ट नेमतं त्या माणसाचा) खर्च असं करत करत अडुसष्ट हजार गेले. पावती नाही, नुसत्या व्हाउचरच्या चिठ्ठ्या. वकीलपत्रावर सह्या घेतल्या पण वकिलाच्या नावाची जागा कोरी, आणि वर दोन कोरे चेक.

पण पैशापेक्षा घात केला तो त्याच्या सल्ल्याने. हप्ते भरू नका, भरले तर केस वीक होते. फोन उचलू नका. आणि घरी जे जे पोस्टाने येईल ते न फोडता माझ्याकडे आणून द्या, उत्तर आम्ही देतो.

आता होलसेलरचा चेक बाउन्स झाला होता, त्याची कलम १३८ ची नोटीस आली. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसात पैसे दिले तर तिथल्या तिथे मिटतं, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात तो फौजदारी केस टाकू शकतो. होलसेलर ओळखीचा माणूस, अर्धे पैसे घेऊन थांबला असता. ते पाकीट वकीलसाहेबाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं आणि आम्हाला कळलं ते थेट समन्स घेऊन पोलीस दारात आले तेव्हा. दिवाळखोरीचा अर्ज खरंच असता तरी त्याने ही फौजदारी केस थांबत नाही, पण हे आम्हाला सांगणार कोण?

मग फायनान्सवाले पिकअप उचलायला आले. तोवर त्या वकीलसाहेबाने आम्हाला एक "प्रोटेक्शन ऑर्डर" दिली होती, म्हणे कोणी आलं तर हे दाखवा. वर तीन सिंह रंगीत आणि आडवे ताणलेले, खाली "दिवाळखोरी न्यायालय, जळगाव" असा गोल शिक्का, आणि सही तर चक्क फोटो चिकटवल्यासारखी, कडेला पांढरी चौकट दिसतेय. माझ्या सासूबाई आदल्या दिवशीच तो कागद हातात धरून म्हणाल्या होत्या, "कोर्टना कागदले इतली रंगीत शाई ऱ्हास का वं?" फायनान्सच्या पोराने तो कागद पाहिला, हसला, दादा असे कागद खूप पाहिले म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

सगळ्यात लाज वाटली ती मामांच्या बाबतीत. पतसंस्थेच्या कर्जाला ह्यांचे एरंडोलचे मामा जामीनदार, पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला काढला आणि वसुलीची नोटीस गेली मामांना. मामांनी फोनवर एक शब्द वाकडा बोलला नाही, त्याने अजूनच मेल्यासारखं झालं.

पतसंस्थेच्या कर्जाला मी सहकर्जदार आहे, म्हणून मी स्वतःच जळगावला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे आपल्याकडे किती जणींना माहीत आहे? तिथे ज्या वकीलताई मिळाल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सीएनआर नंबर काय? आम्ही एकमेकांकडे पाहतोय. कोर्टात केस दाखल झाली की तिला सोळा अक्षर-आकड्यांचा हा नंबर पडतो आणि ई-कोर्ट्सच्या अॅपवर टाकला की तारीख, कोर्ट, सगळं दिसतं. नंबर नसेल तर नावाने शोधता येतं. ताईंनी तिथेच ह्यांचं नाव टाकलं. आमच्या नावाची एकच केस निघाली, होलसेलरची. दिवाळखोरीचा अर्ज कोणी केलेलाच नव्हता! आणि जळगावला दिवाळखोरीचं वेगळं न्यायालय वगैरे काही नाही, असे अर्ज जिल्हा न्यायालयातच चालतात.

मग त्यांनी खरं काय ते समजावलं. १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदा आहे, खोटं नाही. ५०० रुपयांच्या वर कर्ज असलं तरी अर्ज करता येतो, आकडे सगळे त्याच काळातले. पण अर्जात ज्यांचं ज्यांचं देणं आहे त्यांची आणि तुमच्या मालमत्तेची पूर्ण यादी द्यावी लागते, सावकारांना, बँकांना नोटिसा जातात, ते येऊन विरोध करतात, आणि कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसिव्हरच्या ताब्यात जाते, कायद्याने जप्तीतून सुटणाऱ्या वस्तू तेवढ्या राहतात. त्यानंतर कर्जातून सुटायचा अर्ज वेगळा. तो मंजूर होईपर्यंत आपण नादार आहोत हे समोरच्याला न सांगता पन्नास रुपयांची उधारी घेतली तरी गुन्हा, म्हणजे आमच्यासारख्या दुकानदाराने तर चहासुद्धा रोखीनेच प्यायचा. आणि ज्यासाठी आम्ही गेलो होतो तेच त्यातून होत नाही: गाडी किंवा घर तारण ठेवलेलं असेल तर तारणवाला त्याची वसुली करू शकतो, आणि आपण सुटलो तरी जामीनदार सुटत नाही. म्हणजे केस खरी असती तरी मामा अडकलेलेच. तो वकीलसाहेब २०१६ चा दिवाळखोरीचा नवीन कायदा म्हणून पण काहीतरी फेकत होता, तर त्यातला साध्या माणसासाठीचा भाग लागूच केलेला नाही, २०१९ च्या डिसेंबरपासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जे वैयक्तिक हमी देतात त्यांच्यासाठी आहे.

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे हेही तिथेच कळलं, आणि केसच्या निकालावर किंवा मिळणाऱ्या रकमेवर ठरणारी फी पण चालत नाही. म्हणजे बॅनर आणि टक्केवारी दोन्ही पाहूनच उठून यायला हवं. खऱ्या वकिलाला सनद (वकिलीचा परवाना) नंबर असतो, तो मागितला तर राग यायचं कारण नाही, वकीलपत्रावर त्याचं नाव-सही असते. रिझर्व्ह बँकेने तर डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर सूचना काढली होती की कर्जमाफीची सर्टिफिकेटं देतो म्हणून फी घेणाऱ्यांपासून सावध राहा. आणि ज्या फोनच्या भीतीने आपण असल्या माणसाकडे पळतो, त्या वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगीच नाही, त्याची तक्रार आधी बँकेकडे आणि महिन्याभरात दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट करता येते. वकिलाची गरजच नाही त्याला.

आता होलसेलरशी कोर्टाबाहेर बोलणं झालंय, तो हप्त्याने घ्यायला तयार आहे. पतसंस्थेचं लोकअदालतीत ठेवायचं चाललंय, मामांचं नाव मोकळं झाल्याशिवाय एरंडोलला जायची हिंमत नाही माझी. क्रेडिट कार्डवाल्यांशी सेटलमेंट करायची तर सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा राहणार, ते कळून करतोय. ते दोन कोरे चेक बँकेत लेखी देऊन स्टॉप पेमेंट केले, हे ताईंनी सगळ्यात आधी करायला लावलं.

त्या माणसाचं ऑफिस बंद आहे, बोर्डही काढला. पोलिसात लेखी अर्ज दिलाय, सोबत यूपीआयचे स्क्रीनशॉट, व्हाउचर आणि ती रंगीत ऑर्डर. पोलीस म्हणतात अजून तक्रारदार आले तर बरं. पारोळा, एरंडोल, अमळनेर, धरणगाव कुठेही कोणाच्या घरात ताणलेल्या सिंहांचा तसला कागद असेल तर फाडू नका, लाजू पण नका, तुमच्या तालुक्याच्या पोलीस स्टेशनला घेऊन जा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.