एमसीजीचा चौथा मजला आणि ३५ नंबरचा पोरगा

मेलबर्नला नवीन आलेली आपली मंडळी हमखास विचारतात, एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंड) फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, बघायची तर तिकीट कुठलं काढू? माझं उत्तर ठरलेलं आहे. चौथा मजला, गोलखांबांच्या मागची बाजू. त्यावर लगेच पुढचा प्रश्न येतो, एवढ्या उंचावरून आणि एवढ्या लांबून काय दिसणार? ते नीट सांगायचं तर एखादा खेळाडू डोळ्यासमोर धरूनच सांगावं लागेल. म्हणून हा रिव्ह्यू त्या जागेचाही आहे आणि कॉलिंगवूड क्लबच्या निक डेकोसचाही. ही जागा नसती तर हा पोरगा मला अर्धाच कळला असता.

आधी जागेचं बघू. आपल्यापैकी बहुतेकांना एमसीजी क्रिकेटमुळे माहीत असतं आणि तिथेच घोटाळा होतो. क्रिकेटची खेळपट्टी उत्तर-दक्षिण असते, तर फुटीचे गोलखांब पूर्व-पश्चिम. बॉलरच्या हाताच्या मागून बॉक्सिंग डे टेस्ट बघायला जी जागा सोन्यासारखी, ती फुटीला बरोबर बाजूची होते. गोलमागून बघायचं तर पश्चिमेला शहराकडचं टोक घ्या, नाहीतर पूर्वेला पंट रोडकडचं. दक्षिणेचा शेन वॉर्न स्टँड जवळजवळ अर्ध्या मैदानाला वेढा घालून बसलाय, त्यामुळे त्याच्या दोन्ही टोकांकडून गोलमागचा तिरका कोन मिळतो. मी शहराकडचं टोक पसंत करतो, कारण दुपारच्या सामन्यात मावळतीचं ऊन पाठीवर राहतं. समोरच्या टोकाला बसलेले लोक तिसऱ्या क्वार्टरपासून कपाळावर हात धरून बसतात.

आम्ही टार्नीटला राहतो. व्ही-लाइन रेल्वेने सदर्न क्रॉस, तिथून गाडी बदलून जॉलिमाँट किंवा रिचमंड आणि पुढे पायी. स्वतःची कार घेऊन जायच्या भानगडीत पडू नका. डबा आत नेता येतो, काचेची बाटली मात्र नाही. आम्ही थालीपीठं आणि लसणाची चटणी नेतो, आणि हाफ-टाइमला पोरीसाठी सॉस घातलेली मीट पाय घ्यावीच लागते. जूनमध्ये वर वारं झोंबतं, कानटोपी पाहिजेच. पायऱ्या चांगल्याच खड्या आहेत. आईवडील भारतातून आले असतील आणि गुडघे दुखत असतील, तर त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावरची जागा घ्या. दुर्बीण असेल तर न्या. दारात मिळणारं फुटी रेकॉर्डही घ्या. १९१२ पासून निघणारं हे छोटं साप्ताहिक आहे, त्यात दोन्ही संघांच्या सगळ्या खेळाडूंचे नंबर असतात. वरून चेहरे ओळखू येत नाहीत, त्यामुळे नंबर माहीत असलेले बरे.

आता मुद्द्याचं. या खेळात एकेका बाजूला मैदानावर १८ जण असतात आणि गोलपासून गोलपर्यंत जवळपास १६० मीटर अंतर असतं. ऑफसाइड नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो, त्यामुळे एका वेळी आठ-दहा जण दिसतात आणि बाकीचे पडद्याबाहेर काय करतायत याचा पत्ता लागत नाही. वरून, आणि तेही गोलमागून, छत्तीसच्या छत्तीस जण एका नजरेत येतात. कोण मोकळा आहे, कोण कुणाला चिकटलाय, कुठल्या बाजूला जागा रिकामी पडलीय, सगळं उघडं. क्लबांचे कोचसुद्धा अभ्यासाला गोलमागच्या कॅमेऱ्याचंच चित्रण वापरतात. त्यांना जे लागतं ते आपल्याला तिकिटाच्या पैशात मिळतं.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाच्या फुटबॉल मॅचेस बघत वाढलो. तिथे पोरगा चांगला आहे की नाही यावर फार वाद होत नाही, वाद होतो तो त्याला कुठे खेळवायचं यावर. निक डेकोसच्या बाबतीत मेलबर्नमध्ये नेमका तोच वाद गेली काही वर्षं चाललाय. हाफ-बॅक (बचावाची फळी) की मिडफिल्ड (मधली फळी)? का बापासारखा पुढे, गोलजवळ?

बापाचं नाव पीटर डेकोस. कॉलिंगवूडकडून २५० सामने, ५४९ गोल आणि १९९० चं विजेतेपद. त्याचाच ३५ नंबर निकच्या पाठीवर आहे. थोरला भाऊ जॉश याच संघात. बापाने एखाद्या क्लबसाठी शंभर सामने खेळलेले असले तर त्याच्या मुलावर ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्या क्लबचा पहिला हक्क असतो. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये गोल्ड कोस्टने निकसाठी बोली लावली, कॉलिंगवूडने तिची बरोबरी केली आणि पोरगा चौथ्या क्रमांकावर घरी आला.

ज्युनिअरला ओकली चार्जर्सकडून तो मिडफिल्डमध्ये खेळायचा, चेंडू ओढून आणायचा. तरीही २०२२ मध्ये क्रेग मॅक्रे कोच झाले आणि त्यांनी त्याला आधी हाफ-बॅकला उभं केलं. माझ्या मते त्याच्या घडणीतला सगळ्यात शहाणा निर्णय तो. मिडफिल्डमध्ये चेंडू चारी बाजूंनी येतो आणि अंगावर माणसंही चारी बाजूंनी येतात. हाफ-बॅकला सगळं मैदान समोर पसरलेलं असतं. एकोणीस वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या खेळाचा वेग आधी डोळ्यांनी शिकायला मिळाला, अंगावरचे धक्के मागाहून आले. पहिल्याच सामन्यात सेंट किल्डाविरुद्ध किक आणि हँडबॉल (मुठीने मारलेला पास) मिळून २७ वेळा त्याने चेंडू पुढे दिला. त्याच मोसमात ॲडलेडमध्ये ४० वेळा, वर ३ गोल. रायझिंग स्टारचा, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा, मान त्यालाच मिळाला.

मी पहिल्यांदा त्याला वरून बघितलं तेव्हा शेजारी पोरगी होती. ती ज्युनिअर क्लबात खेळते आणि तिच्या वयाच्या सगळ्या पोरांसारखी चेंडू जाईल तिकडे पळते. थोड्या वेळाने म्हणाली, “बाबा, तो चेंडूकडे जातच नाहीये.” खरंच जात नव्हता. कडेला थ्रो-इन होता. दहा-बारा जणांचा गठ्ठा जमलेला, आणि हा त्या गठ्ठ्याच्या आपल्या गोलकडच्या अंगाला, दोन-तीन पावलं बाहेर. एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, एकदा उजव्या. रकमन (चेंडूसाठी उडी मारणारा उंच गडी) उडी मारायच्या आधीच याची पावलं हलायला लागली, तीही चेंडूकडे नाही तर चेंडू दोन सेकंदांनी जिथे पोचणार होता तिकडे. गठ्ठ्यातून एक हँडबॉल बाहेर आला, याने पळतापळता तो घेतला आणि समोर चाळीस मीटर मोकळं मैदान. टीव्हीवर हेच बघितलं असतं तर वाटलं असतं, नशीबवान आहे, चेंडू आयता हातात आला. वरून कळतं की आयतं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून पोरीला आणि मला एक खेळच मिळालाय. चेंडू सोडून द्यायचा आणि एक पूर्ण क्वार्टर फक्त ३५ नंबर बघायचा. ज्यांची पोरं हा खेळ खेळतात त्यांनी हे एकदा तरी कराच. शंभर वेळा “जागा धर, जागा धर” ओरडून जे कळत नाही ते पोरं वीस मिनिटांत बघून शिकतात.

२०२३ पासून तो मिडफिल्डकडे सरकला. त्या वर्षीच्या अँझॅक डेला (२५ एप्रिल, शहीद सैनिकांचा स्मरणदिन) एसेंडनविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरअखेर कॉलिंगवूड २८ गुणांनी मागे होतं, ते १३ गुणांनी जिंकलं. ४० वेळा चेंडू, २ गोल, आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं अँझॅक मेडल. मैदानात ९५ हजार माणूस होतं. विषय हार्ड होता, दुसरे शब्द नाहीत.

पण त्याच वर्षीचा हॉथॉर्नविरुद्धचा सामना ज्याने बघितला त्याला या भूमिकेची दुसरी बाजूही माहीत असते. फिन मॅगिनिस त्याला चिकटला. याला टॅग म्हणतात. म्हणजे स्वतःचा खेळ बाजूला ठेवून एकाच माणसाची सावली व्हायची. निकला उभ्या सामन्यात ५ वेळा चेंडू मिळाला. त्याच सामन्यात गुडघ्याला मार लागला आणि हाडाला बारीक तडा गेला, त्यामुळे तो आकडा सगळा टॅगच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. मात्र टॅग म्हणजे काय चीज आहे हे बघायलाही चौथा मजलाच पाहिजे. टॅग करणारा नेहमी चेंडू आणि निक यांच्यामध्ये खांदा घालून उभा राहतो. निक दोन पावलं सरकला की तोही दोन पावलं. चेंडू सत्तर मीटर लांब असताना इकडे या दोघांची ढकलाढकली चाललेली असते आणि टीव्हीवर त्यातलं एक सेकंदही येत नाही. मग घरी बसलेला माणूस म्हणतो, आज डेकोस दिसलाच नाही.

पुढे तो प्रिलिमिनरी फायनलला (फायनलच्या आधीचा सामना) परत आला, संघ जीडब्ल्यूएसला (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) एका गुणाने हरवून फायनलला गेला आणि ३० सप्टेंबरला ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून चॅम्पियन झाला. दुसऱ्या मोसमातच पोराच्या गळ्यात विजेतेपदाचं पदक. मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो मेडल पंचांच्या मतांवर ठरतं. २०२३ मध्ये २८ मतं घेऊन तो तिसरा आला, शेवटचे तीन साखळी सामने न खेळता. २०२४ मध्ये ३८ मतं पडली तरी दुसरा, कारण पॅट्रिक क्रिप्सने ४५ चा विक्रम केला. २०२५ मध्ये ३२ मतं, पुन्हा दुसरा. हे मेडल त्याला मिळायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आणि मिळेल.

तर भूमिका कुठली? वर बसून बघूनबघून माझं मत पक्कं झालंय. तो मिडफिल्डरच आहे, पण गठ्ठ्याच्या आतला नाही, कडेचा. मैदानाच्या मध्यावर चेंडू टाकून खेळ सुरू होतो तेव्हा मधल्या चौकोनात एका संघाचे चारच जण उभे राहू शकतात, एक रकमन आणि तीन मिडफिल्डर. त्या तिघांत जॉर्डन डि गोईसारखा अंगावर माणसं झेलणारा आत पाहिजे आणि निक त्याच्या बाहेरच्या अंगाला. मैदानात इतरत्र चेंडू अडला की त्याने चेंडूच्या मागे, आपल्या गोलच्या बाजूला राहावं. हाफ-बॅकला शिकलेलं सगळं तिथे कामाला येतं. समोर मैदान दिसलं की त्याच्याइतका चांगला निर्णय घेणारा सध्या दुसरा कुणी नाही.

त्याला कायमचा पुढे, गोलजवळ खेळवा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बाप तिथला राजा होता हे खरं, पण पुढचा खेळाडू चेंडूची वाट बघतो, आणि या पोराचं सगळं कसब चेंडू कुठे जाणार हे आधी ओळखण्यात आहे. वाट बघायला लावली तर ते अर्धं वाया जाईल. टॅग फारच घट्ट बसला तर मात्र दहा मिनिटं हाफ-फॉरवर्डला, म्हणजे हल्ल्याच्या फळीत, जरूर न्यावं. टॅग करणाऱ्याला मग स्वतःच्याच गोलसमोर, चुकलं की सहा गुण अशा जागी त्याला सांभाळावं लागतं. परत हाफ-बॅकला पाठवा ही सूचनाही ऐकू येते. मोठ्या आघाडीवर असताना, शेवटच्या क्वार्टरमध्ये, ठीक आहे. पण सामना अटीतटीचा असताना त्याला मधून काढणं म्हणजे समोरच्याला सुटका देणं.

जागेबद्दल दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. हाय मार्क, म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर चढून हवेत झेललेला चेंडू, वरून तितका थरारक दिसत नाही. उंची चपटी होते. तो थरार हवा असेल तर खालच्या मजल्यावर, कुंपणाजवळ बसा, तिथे अंगावर अंग आदळल्याचा आवाजही येतो. आणि लांबच्या गोलकडे काही बारीकसारीक घडलं तर मोठ्या पडद्याकडे बघावं लागतं. पण क्वार्टर संपला की बाजू बदलतात, त्यामुळे पुढची वीस-तीस मिनिटं तोच गोल आपल्या पायाखाली येतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा वाऱ्यासाठी आणि पायऱ्यांसाठी कापला. अँझॅक डे किंवा जुन्या प्रतिस्पर्धी कार्लटनविरुद्धचा सामना पहिल्यांदाच बघायला जाऊ नका, गर्दीत हवी ती जागा मिळत नाही. रविवारी दुपारचा, बाहेरच्या राज्यातल्या एखाद्या संघाबरोबरचा सामना निवडा, तासभर आधी पोचा आणि शहराच्या टोकाला शक्य तितकं वर चढा. पहिला क्वार्टर चेंडू बघा. दुसऱ्याला ३५ नंबर.