स्टार कोण उलगडतं? बॅश, झी-शेल, फिश की पॉवरशेल

भाचा कर्वेनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी लॅपटॉप घेऊनच आला. "मामा, ही कमांड कॉलेजच्या लॅबमध्ये चालते, घरी मॅकवर नाही. आणि मला शेल कुठला शिकायचा तेही सांग."

फाइंड . -नेम *.लॉग

म्हणजे, नाव .लॉगनं संपणाऱ्या फाइली शोध. स्टार (*) म्हणजे "इथे काहीही चालेल", आणि शेल म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. मॅक ठणठणीत होता. लॅबमध्ये बॅश, मॅकवर झी-शेल. 2019 च्या कॅटालिनापासून ॲपलने तोच डीफॉल्ट केलाय. चूक कमांडमध्येच होती, लॅबमध्ये ती नशिबानं खपत होती.

युनिक्सकडच्या (लिनक्स, मॅक) शेलमध्ये उघडा, म्हणजे कोट न घातलेला, स्टार शेल स्वतः उलगडतो, समोरच्या फोल्डरमधली जुळणारी नावं घालून. फाइंडच्या हाती जातं ते उलगडून झालेलं. काहीच जुळलं नाही तर बॅश स्टार तसाच पुढे ढकलतो. पत्ता ठाऊक नसताना "सरळ जा" सांगणाऱ्या माणसासारखा. झी-शेल "नो मॅचेस फाउंड" म्हणून तिथेच थांबतो. फिश नावाचा तिसरा शेलही थांबतो.

भाच्याला हा झी-शेलचा खडूसपणा वाटला. म्हणून माझ्या लिनक्सवर बॅशमध्ये, समोरच्याच फोल्डरमध्ये ए.लॉग नावाची रिकामी फाइल केली आणि तीच कमांड पुन्हा चालवली. आतल्या फोल्डरांमधल्या सात लॉग फाइली गायब, उत्तरात फक्त ए.लॉग. एरर नाही, काही नाही. शेजारी बी.लॉग केली तेव्हा कुठे "पाथ्स मस्ट प्रिसीड एक्सप्रेशन" अशी ओरड झाली. अशाच एका मुक्या उत्तरावर विसंबून मी एकदा अख्खा शुक्रवार घालवलाय, म्हणून सांगतो: स्टारला सिंगल कोट घाला, '*.लॉग'. तिन्ही शेलमध्ये चालतं.

रोज हातानं टाइप करायला मी झी-शेलच घेईन. डबल स्टारनं (**) आतल्या फोल्डरांत शोधणं त्यात थेट चालतं. बॅशमध्ये त्यासाठी ग्लोबस्टार ही सेटिंग चालू करावी लागते. नाहीतर डबल स्टार साध्या स्टारसारखाच वागतो. शिवाय ग्लोबस्टार आली आवृत्ती 4 मध्ये आणि मॅकसोबत येणारा बॅश अजून 3.2 वरच अडकलाय. पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट बॅशमध्येच लिहा, तो बहुतेक ठिकाणी असतोच. तिथे फेलग्लोब ही सेटिंग लावली की बॅशही काही न जुळल्यास अडतो. नलग्लोब या सेटिंगपासून मात्र जपून: जुळणारं काही नसेल तर स्टारच नाहीसा होतो आणि एलएस (फाइलींची यादी देणारी कमांड) सगळं फोल्डर दाखवतं.

फिश दिसायला गोड, पण त्याचं लूपचं व्याकरण वेगळं. परीक्षेत बॅश येणार असेल तर आत्ता नको.

विंडोजवर गणितच उलटं. तिथल्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये शेल स्टारला हात लावत नाही, प्रत्येक प्रोग्रॅम आपापला निस्तरतो. ड्राइव्हवर जुनी आखूड नावं (शेवटचा भाग तीनच अक्षरांचा) चालू असतील तर *.एचटीएम मागितल्यावर .एचटीएमएल फाइलीही येतात. यादी दाखवणाऱ्या डीआयआरला ठीक, फाइली पुसणाऱ्या डीईएलला महागात पडेल. विंडोजचा नवा शेल पॉवरशेल बरा, फाइली शोधायला गेट-चाइल्डआयटम -रिकर्स -फिल्टर बरंच काम करतं. फक्त नावात चौकोनी कंस असले तर तो त्यांनाही वाइल्डकार्ड (स्टारसारखं खास चिन्ह) समजतो, तेव्हा नाव जसंच्या तसं घ्यायला -लिटरलपाथ द्यायचं.

जाता जाता भाच्यानं पुणे नावाची फाइल करून दोन प्रश्नचिन्हांनी शोधली; शेलमध्ये एक प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, असा त्याचा समज. सापडली नाही. प्रश्नचिन्ह अक्षर मोजत नाही, युनिकोडचे तुकडे मोजतं: प, उकार, ण, एकार. चार प्रश्नचिन्हं टाकल्यावर मिळाली. मग "क्षितिज"ला किती लागतील ते बोटांवर मोजत बसला. सात.