बहात्तरची नोव्हा आणि नव्याने बांधलेलं ३५०: एका हंगामाचा अनुभव

निकाल आधी सांगून टाकतो. १९७२ च्या शेवरोले नोव्हाचं मूळचं ३५० क्यूबिक इंचाचं व्ही-८ इंजिन मी गेल्या हिवाळ्यात पूर्ण खोलून नव्याने बांधलं. बांधता बांधता थोडी ताकद वाढवली, आणि एप्रिलपासून बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायला लागेपर्यंत गाडी डेट्रॉईटच्या परिसरात वापरली, अगदी ऑफिसला जायला-यायलासुद्धा. मी समाधानी आहे. पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले ते हेड्समध्ये (सिलिंडरांवर बसणारे, व्हॉल्व्ह असलेले वरचे भाग) आणि मशीन शॉपच्या बिलात. सगळ्यात शहाणपणाचा निर्णय ठरला कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, लहान घेण्याचा. तक्रारीही आहेत, त्या पुढे येतीलच.

नोव्हा म्हणजे शेवरोलेची साधी, स्वस्त, घरगुती गाडी. माझी इथल्याच विलो रन असेंब्ली कारखान्यातली; दुसऱ्या महायुद्धात फोर्डने जिथे बी-२४ बॉम्बर विमानं बनवली, तो कारखाना त्याच्या शेजारचा. इंजिन त्या प्रसिद्ध ‘स्मॉल ब्लॉक’ घराण्यातलं. १९५५ साली २६५ क्यूबिक इंचांपासून सुरू झालेलं हे डिझाइन १९६७ च्या कॅमारोत ३५० ला पोचलं. आपल्या हिशेबात ५.७ लिटर. माझ्या गाडीत दोन बॅरलचा रोचेस्टर कार्ब्युरेटर होता आणि कागदावर ताकद फक्त १६५ हॉर्सपॉवर. त्याच्या आदल्या वर्षीच्या माहितीपत्रकात याच इंजिनासमोर २४५ लिहिलेलं दिसतं, आणि मग लोक म्हणतात की प्रदूषणाच्या नियमांनी इंजिनाचा जीव घेतला. तो फरक बहुतांश मोजण्याच्या पद्धतीचा आहे. १९७१ पर्यंत पंखा, एअर फिल्टर, सायलेन्सर काहीही न लावता मोजायचे, १९७२ पासून गाडीत असतं तसं सगळं लावून मोजायला लागले. त्यामुळे तुमच्या गाडीचा ‘मूळ आकडा’ कोणी छातीठोकपणे सांगितला, तर आधी साल विचारा.

इंजिन खोलायचं कारण नेहमीचंच. सकाळी सुरू करताना निळा धूर, ऑइलची भूक, आणि गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा जवळजवळ झोपलेला. शेजारी जीएममधून (जनरल मोटर्स, शेवरोलेची मूळ कंपनी) निवृत्त झालेले एक टूलमेकर राहतात. त्यांचा सल्ला होता की तयार क्रेट इंजिन आण, एका शनिवार-रविवारात बसवून मोकळा हो. व्यवहार म्हणून ते चूक नव्हते. पण हा ब्लॉक गाडीबरोबर कारखान्यातून आलेला, कास्टिंग नंबर ३९७००१०, आणि पुढच्या पॅडवरचा शिक्का फ्लिंटचा. फ्लिंट इथून तासाभरावर. तो ब्लॉक भंगारात द्यायला मन होईना.

ऑइल पॅन उतरवल्यावर तळाशी पिवळट-तपकिरी तुकडे दिसले, वाळलेल्या नखांएवढे. त्या काळात आवाज कमी व्हावा म्हणून जीएम कॅमच्या टायमिंग गिअरला नायलॉनचे दात द्यायची. पन्नास वर्षांच्या उष्णतेने ते ठिसूळ होऊन गळत होते आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसत होते. कोणाकडे या पिढीचं न खोललेलं स्मॉल ब्लॉक असेल, तर बाकी काही करा न करा, टायमिंग चेनचा सेट पूर्ण लोखंडी बसवून घ्या.

मशीन शॉपने वेळ खाल्ला. ‘तीन आठवडे’ म्हणाले आणि दुप्पट लावले. पण काम चोख केलं. ब्लॉक धुऊन भेगा तपासल्या, सिलिंडर ०.०३० इंच मोठे बोअर केले, क्रँक ०.०१० इंच ग्राइंड केला. होनिंग (सिलिंडरची आतली भिंत घासून शेवटची सफाई) करताना त्यांनी ब्लॉकवर हेडच्या जागी टॉर्क प्लेट ही जाड पट्टी आवळली. हेड आवळल्यावर सिलिंडरची भिंत किंचित वाकते, म्हणून ती वाकलेली असतानाच गोल करायची असा त्यामागचा विचार. याचे वेगळे पैसे पडले आणि ते वाचवायचा मोह होतो. वाचवू नका. माझं इंजिन आज दोन ऑइल चेंजच्या मध्ये टॉप-अप मागत नाही, आणि त्याचं श्रेय मी रिंगांच्या ब्रँडला न देता या होनिंगला देतो.

आता हेड्स. मूळ हेडचं कंबश्चन चेंबर सुमारे ७६ सीसीचं, त्यामुळे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) साडेआठच्या आसपासच राहतं. त्याऐवजी मी १९९६ ते २००० च्या शेवरोले पिकअपमधली व्होर्टेक हेड्स घेतली. चेंबर ६४ सीसी, पोर्टचा आकार कितीतरी सुधारलेला, आणि बिडाची असल्यामुळे किंमत ॲल्युमिनियमच्या मानाने आवाक्यात. सपाट पिस्टन आणि साधं हेड पॅकिंग धरून हिशेब केला तर कॉम्प्रेशन ९.६ च्या जवळ जातं. पहिली जुनी जोडी जिथून घेतली तिथे ‘तपासलेली’ म्हणून दिली होती, पण मशीन शॉपने चुंबकी तपासणी केल्यावर दोन व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये भेग निघाली. ओव्हरहीट झालेल्या व्होर्टेकचं हे ठरलेलं दुखणं. पैसे परत मिळवताना घसा कोरडा पडला. शेवटी नवीन कास्टिंगची जोडी घेतली.

ही हेड्स सरळ बसत नाहीत, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. इनटेक मॅनिफोल्डला बारा बोल्ट लागायचे, इथे आठ, आणि तेही वेगळ्या कोनात. म्हणजे मॅनिफोल्ड नवीन. व्हॉल्व्ह कव्हर कडेने आवळायची होती, इथे मधोमध, म्हणजे तीही नवीन. रॉकर आपोआप रेषेत राहणारे लागतात. हेडच्या किमतीवर हा सगळा लवाजमा चढवून मगच बजेट करा.

कॅमबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांची गाडी बिघडते. ऑगस्टमध्ये इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरतं, जुन्या गाड्यांची जत्राच. तिथे सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांचा तो अडखळत धडधडणारा आवाज ऐकला की प्रत्येकाला तसलाच कॅम हवासा वाटतो. पण तो आवाज म्हणजे खालच्या आरपीएमला सिलिंडर नीट भरत नसल्याची कबुली असते. मोठा कॅम घेतला की कमी वेगावरची ओढ जाते. मग टॉर्क कन्व्हर्टर जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा घ्या, मागचा ॲक्सल मोठ्या आकड्याच्या रेशोचा घ्या, आणि व्हॅक्यूम पडल्यामुळे पॉवर ब्रेक दगडासारखे झाले की त्याचीही सोय बघा. माझा गिअरबॉक्स तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५०, मागचा रेशो ३.०८. या जोडीला खालून ओढणारं इंजिन हवं. म्हणून घेतला तो लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो) ०.४२० आणि ०.४४२ इंच, ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो) २०४ आणि २१४ अंशांचा, म्हणजे कॅटलॉगच्या पहिल्याच पानावरचा गरीब कॅम. व्होर्टेकच्या मूळ स्प्रिंग आणि रिटेनरमध्ये तो काहीही न कापता बसतो, हा आणखी एक फायदा. आयडलिंगला व्हॅक्यूम १८ इंचांच्या वर राहतो आणि ब्रेक पहिल्यासारखे मऊ आहेत. वुडवर्डवर कोणी वळून पाहिलं नाही, खरं आहे.

हा कॅम जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटचा (कॅमवर घासत पुशरॉड उचलणारा तुकडा) असल्याने पहिली वीस-तीस मिनिटं फार नाजूक. आजकालच्या ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस कमी असतं आणि बाजारातल्या टॅपेटचा दर्जाही बेभरवशाचा, त्यामुळे पहिल्याच दिवशी कॅमचे लोब झिजून गेल्याच्या कहाण्या ढिगाने ऐकू येतात. मी प्रत्येक टॅपेटचा तळ स्टीलपट्टीवर धरून किंचित फुगीर आहे का पाहिलं. सपाट निघालेले दोन परत पाठवले. मग सुरू करण्याआधी डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ड्रिलने ऑइल पंप फिरवला. हे दृश्य बघण्यासारखं असतं. ड्रिल आधी मोकळं गरगरतं, मग एकदम त्याचा आवाज खाली येतो, मनगटाला झटका बसतो, प्रेशर गेजचा काटा उठतो, आणि थोड्या वेळाने एकेका पुशरॉडच्या टोकातून रॉकरवर ऑइल पाझरायला लागतं. क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत सोळाही रॉकर ओले झालेले पाहिले, मगच डिस्ट्रिब्युटर बसवला. इंजिन सुरू झाल्या झाल्या आयडलिंगला न आणता थेट दोन ते अडीच हजार आरपीएमवर धरलं. नंतर ऑइल बदललं, जुना फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उघडून पाहिल्या. राखाडी चिकटा होता, जो नव्या इंजिनाला असतोच. चकाकणारे कण नव्हते.

ताकद मोजणाऱ्या डायनोवर गाडी चढवलेली नाही, म्हणून हॉर्सपॉवरचा आकडा सांगत नाही. चालवताना काय वाटतं ते सांगतो. आधी आय-९६ महामार्गावर चढताना पेडल निम्म्यापेक्षा जास्त दाबून प्रार्थना करावी लागायची. आता पायाचं नुसतं वजन टाकलं की गाडी सरकते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांच्या पुढे ती जे ओढते ते या साध्यासुध्या गाडीकडून अपेक्षित नसतं. साडेचार हजारांनंतर दम संपतो. संपू दे, तिकडे मी जातच नाही. ॲव्हरेज गॅलनला पंधरा-सोळा मैल, म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आसपास, आणि तेही मिड-ग्रेड ८९ ऑक्टेनवर. पूर्वी साध्या ८७ वर तेरा मिळायचं. इंधनाच्या पैशात बचत शून्य, पण त्याच पैशात मजा दुप्पट.

टायमिंगबद्दल एक गोष्ट. जुन्या हेड्सना एकूण ३६ अंश ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पाडायची ते) लागायचा, म्हणून सगळे डोळे मिटून तोच देतात. व्होर्टेकच्या चेंबरमध्ये मिश्रण लवकर जळतं, त्यामुळे ३२ ते ३४ पुरतो. माझी गाडी ३३ वर सगळ्यात खूश आहे. पॉइंट्स आणि कंडेन्सर काढून एचईआय हा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डिस्ट्रिब्युटर लावला, तोही फार आधी करायला हवा असा बदल. मात्र जुन्या वायरिंगमधली कॉइलकडे जाणारी वायर ही मुद्दाम रोध असलेली असते, ती एचईआयला उपाशी ठेवते. फ्यूज बॉक्समधून पूर्ण १२ व्होल्टची स्वतंत्र वायर ओढावी लागते.

आता तक्रारी. व्होर्टेक हेडमध्ये एक्झॉस्टचा गरम वायू मॅनिफोल्डखालून नेणारी जुनी वाट नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या सकाळी कार्ब्युरेटर बराच वेळ गारठलेला राहतो. इलेक्ट्रिक चोक आहे, पण तो सुटल्यावरही मैलभर गाडी घसा खाकरत चालते. उन्हाळ्यात याच्या उलट. पेट्रोल भरायला पाच-दहा मिनिटं थांबलं की इथलं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये उकळतं आणि परत सुरू करताना स्टार्टर लांबवावा लागतो. कार्ब्युरेटरखाली फिनॉलिकचा जाड स्पेसर घातल्यावर हे बरंच आटोक्यात आलं. सहाशे सीएफएमचा एडेलब्रॉक कार्ब्युरेटर डब्यातून काढल्यावर थोडा लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होता, सरळ रस्त्यावर गाडी हलकेच मागेपुढे खेचायची. वरचा एकेक स्क्रू सैल करून पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे मीटरिंग रॉड बदलता येतात, पेट्रोल सांडत नाही, मॅनिफोल्ड उघडावा लागत नाही. यासाठी त्या कार्ब्युरेटरला पूर्ण गुण.

जुलैमध्ये गॅरेजच्या फरशीवर ऑइलचे थेंब दिसायला लागले, बरोबर गिअरबॉक्सच्या तोंडाखाली. १९८६ च्या आधीच्या स्मॉल ब्लॉकला मागचं मेन सील दोन तुकड्यांत असतं आणि ते गळण्यासाठी बदनाम आहे, त्यामुळे ज्याने त्याने त्यालाच दोषी धरलं. सील बदलायचं म्हणजे ऑइल पॅन पुन्हा खाली. त्याआधी ऑइलमध्ये चमकणारा डाय टाकून अतिनील दिवा लावला. हिरवी रेघ वरून येत होती, इनटेक मॅनिफोल्डच्या मागच्या कडेपासून, डिस्ट्रिब्युटरच्या मागून. सिलिकॉनचा थर तिथे एका कोपऱ्यात पकडला नव्हता. मॅनिफोल्ड काढून सिलिकॉन पुन्हा भरलं, काम एका दुपारचं.

एकूण खर्च सहा हजार डॉलरच्या थोडा आत, त्यातला सुमारे तिसरा हिस्सा मशीन शॉपचा. माझी मजुरी धरलेली नाही, धरली तर बायकोला हिशेब दाखवता येणार नाही. मिशिगनमध्ये गाड्यांची नियमित प्रदूषण तपासणी नाही, म्हणून माझं हे सगळं सुरळीत पार पडलं. कॅलिफोर्नियात असाल तर लक्षात ठेवा की तिथली सूट १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना आहे. १९७६ किंवा नंतरच्या गाडीत हेच पार्ट घालाल तर स्मॉग चेकला अडकाल.

या हिवाळ्यात गिअरबॉक्सकडे वळतोय. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन २,८०० आरपीएमवर गुणगुणतं, आणि तासाभराने ते कानात बसतं. जीएमचाच चार गिअरचा २००-४आर लांबीला माझ्या गिअरबॉक्सएवढाच असल्याने ड्राइव्हशाफ्ट कापावा लागत नाही, फक्त मागचा माउंट सरकवावा लागतो. त्याच्या ०.६७ ओव्हरड्राइव्हने (इंजिनाचे फेरे कमी करणारा वरचा गिअर) तेच ७० मैल १,९०० च्या खाली येतील. त्या आरपीएमला मोठा कॅम नुसता थरथरला असता. हा गरीब कॅम तिथे आरामात ओढेल, असं आत्ताच्या चालण्यावरून तरी दिसतंय.